चाकावरचा हात

गाड्याखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आलेल्या होत्या. एक बाबांची, भेगाळलेली, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेली. दुसरीच्या बोटांत जोडवी होती. आणि गाड्याखाली कुणीतरी खिदळत होतं.

मी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात राख्यांची पिशवी घेऊन अंगणात उभी होते. श्रावणातली भुरभुर चालली होती. चिपळूणहून एसट्या बदलत, अंग आंबवत माहेरी पोचले होते आणि माझ्या स्वागताला होते चार तळपाय.

“खालचा पाना घट्ट धर, वरचा फिरव,” बाबांचा आवाज आला. “जोर लाव गो. जेवतेस ते जातं कुठं?”

“सगळं तुमच्या मुलाशी भांडण्यात जातं, बाबा,” जोडवी म्हणाली, आणि दोघं पुन्हा हसली.

माझे बाबा, बरं का! ज्यांना मी वर्षातून एकदा, तेही गणपतीत कुणाची आरती चुकली तरच हसताना पाहिलेलं, ते भाटकर मिस्त्री श्रावणात, भर दुपारी, गंजक्या लोखंडाखाली उताणे पडून हसत होते.

“बाबा, मी आले,” मी जरा मोठ्यानंच म्हटलं.

“आलीस? बरं झालं. आई आत आहे बघ,” गाड्याखालून उत्तर आलं. पाय काही हलले नाहीत.

माझं तिथंच बिनसलं.

या गाड्याबद्दल सांगायला हवं. आमचं घर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या कातळावर. खाली खाडी आणि बंदर. बाबा फायबरच्या होड्या बांधायचे, दुरुस्त करायचे. पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या होड्या खालून वर आमच्या अंगणात यायच्या आणि नारळी पौर्णिमेला परत पाण्यात जायच्या. त्यांना आणायला-न्यायला बाबांनी एका भंगारातल्या जीपचा आस आणि स्प्रिंगचे पाटे घेऊन, वर लोखंडी चौकट जोडून, दोन चाकांची ट्रॉली केली होती. तोच आमचा गाडा. जीपच्या मागं जोडायचा, होडी वर बांधायची आणि वळणावळणाच्या रस्त्यानं बंदरावर उतरायचं. तिथं गाडा मागे रेटत पाण्यात घालायचा, इतका की होडी आपोआप तरंगून सुटते. आमची चूल त्या दोन चाकांवर चालायची म्हटलं तरी चालेल.

आणि लग्न होईपर्यंत त्या गाड्याबरोबर कोण असायचं? मी. उदय, माझा धाकटा भाऊ, मासे गरवायला पळायचा. मी बाबांना पाना काढून द्यायची, बोल्ट रॉकेलच्या डब्यात बुडवायची, कंदील धरायची. फक्त एक होतं. पाना त्यांच्या हातात द्यायचा, आपण फिरवायचा नाही. कधी चुकून नटाला लावलाच तर बाबा काढून घ्यायचे. “तू नको,” एवढंच म्हणायचे. मुलगी म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. त्या काळी तसंच होतं, आणि मनाला लावून घेऊन तरी काय करणार?

मग आता ही गाड्याखाली काय करत होती? ही कुणाची मुलगी नव्हती काय?

आई पडवीत वाल सोलत बसली होती. मला पाहून तिनं कडाकडा बोटं मोडली आणि लगेच सुरू केलं.

“बघितलंस ना? मे महिना सरल्यापासून हेच चाललंय. सासरा नि सून गाड्याखाली, नि मी एकटी चुलीपुढं. यंदा बेअरिंगं पार जाम झालेली. चाक फिरेना. उदय म्हणालान, नवीन घेऊ. तर हे म्हणाले, नवीन कशाला, आस चांगला आहे, चाकांचं सगळं उलगडून परत बसवू. पण ह्यांचे हात थरथरतात आता. पाना धरवत नाय. मग उभी राहिली तनुजा पदर खोचून.”

“हौस दांडगी,” मी म्हटलं.

“हौस नाय गो, कामाची आहे पोर.” आईनं एक वाल तोंडात टाकून पाहिला. “नारळसुद्धा यंदा तीच वाढवणार. ह्यांनी सांगून टाकलानी.”

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

पहिली होडी पाण्यात घालण्याआधी गाड्याच्या चाकासमोर नारळ वाढवायचा आणि ते पाणी दोन्ही चाकांवर शिंपडायचं, ही आमच्या घरची रीत. तो मान माझा होता. माझं लग्न झालं त्या वर्षापासून बाबा स्वतः वाढवायचे. उदयनं एकदा हात पुढं केला तर म्हणाले होते, “राहू दे.” चिपळूणला मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर गाणी म्हणत घर पुसलं होतं. माझी जागा रिकामी ठेवलीय असं मला वाटलं होतं.

आता घर फिरलं होतं आणि वासेही फिरले होते.

चहाच्या वेळी बाबा गाड्याखालून निघाले. खरंच थरथरत होते हात. तनुजानं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, आणि ते मुकाट्यानं उठले! मी कधी आधार द्यायला गेले तर झिडकारणारा माणूस.

“वन्सं, केव्हा आलात? कळलंच नाही हो,” तनुजा म्हणाली. तिच्या गालावर गंजाचा तांबडा पट्टा होता, केसांत जळमट. अशाही अवतारात ती चांगली दिसत होती, याचाही मला राग आला.

“तुम्ही कामात होता,” मी म्हटलं. ‘कामात’ हा शब्द मी असा उच्चारला की आईनं डोळे वटारले.

अंगणात पत्र्यावर चाकांचं सगळं पोटातलं मांडून ठेवलं होतं. पाटे तारेच्या ब्रशनं घासून, रेड ऑक्साइड लावून भिंतीला टेकवलेले. गंजून एकजीव झालेले बोल्ट छिन्नीनं कापून काढलेले, त्यांच्या शेजारी नवे कोरे. काम चोख होतं. मी बारकाईनं खोड शोधली आणि सापडली नाही.

बाबांनी एक जुनं बेअरिंग उचलून माझ्यापुढं धरलं. “हे बघ, निमा. ग्रीस बघ कसं झालंय.”

ग्रीस काळपट असायला हवं. हे ताकासारखं पांढरट झालं होतं आणि आतल्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडले होते.

“पाणी प्यायलंय,” बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायचं असलं की ते असेच बघायचे.

“मला कशाला दाखवता?” मी म्हटलं. “शिष्येला दाखवा.”

त्यांनी बेअरिंग परत पत्र्यावर ठेवलं.

संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते तेव्हा तनुजा हात पुसत जवळ आली. “वन्सं, एक विचारू? चहा, पेज नि कपाळ म्हणजे काय हो?”

माझी वात वाकडी झाली. “कुणी सांगितलं तुला?”

“सांगितलं कुणी नाही. बाबा चाकापाशी बसले की पुटपुटतात. मी विचारलं तर म्हणाले, निमाला विचार.”

मी वात सरळ केली. जगात आता एवढी एकच गोष्ट उरली होती जी बाबांची आणि माझी होती. तीही हिला देऊ? पाना घेतलास, नारळ घेतलास, हेही घे बाई, असं म्हणू?

“आमच्यातलं आहे ते,” मी म्हटलं. “जुनं. सांगण्यासारखं काही नाही.”

तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून उठले. साडी खोचली आणि कुणी यायच्या आत अंगणात जाऊन एक हब मांडीत घेतला. हब म्हणजे चाकाच्या मधला लोखंडी गड्डा, त्यातच बेअरिंग बसतं. तारेचा ब्रश घेऊन मी तो घासायला लागले. बघू दे म्हटलं, मिस्त्रीच्या मुलीला काय येतं ते. गंजाची भुकटी उडत होती, हाताला रग लागत होती, आणि मला कितीतरी वर्षांनी मजा येत होती.

बाबा बाहेर आले. मला वाटलं, थांबतील, बघतील. ते तरातरा आले, म्हणजे त्यांना जमेल तसे तरातरा, आणि माझ्या हातातून ब्रश ओढून घेतला.

“ठेव ते. तू नको.”

तनुजा दारात उभी होती. उदय दात घासत उभा होता. दोघांच्या देखत.

“का नको?” माझा आवाज चढला. “ती चालते, मी नाही? मी काय सासरहून मेहंदी काढून घ्यायला आलेय? लहानपणापासून तू नको, तू नको. निदान आता तरी सांगा, माझ्या हातांना काय काटे आलेत?”

बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. ब्रश तनुजाच्या हातात दिला आणि आत गेले.

मी बोलणं टाकलं. त्या घरात अबोला धरायचा तर सराव लागतो, कारण बाबा मुळातच कमी बोलतात आणि आपण अबोला धरलाय हे त्यांना कळायलाच वेळ जातो. पण पौर्णिमेपर्यंत मी नेटानं रेटला. तिकडं नवी बेअरिंगं बसली, ग्रीस भरलं, चाकं चढली. उदयनं चाकाला टिचकी मारली तर ते बराच वेळ गुणगुणत फिरत राहिलं. तनुजा टाळ्या वाजवत होती. मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

पौर्णिमेला सकाळी उदयला राखी बांधली. त्यानं ओवाळणीत साडी घातली, रंग चांगला होता, तनुजानं निवडलेला. तोंड भरून कौतुक करावं लागलं, काय करता!

मग निघालो. गाड्यावर धाकू तांडेलची होडी, नवा पांढरा-निळा रंग, पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडूचा हार. उदय जीप चालवत होता, शेजारी बाबा. मागच्या बाकड्यांवर मी आणि तनुजा समोरासमोर, तिच्या मांडीवर नारळ. सबंध उतार मी त्या नारळाकडे बघत होते. वजनदार होडी, सततचा उतार, उदयची घाई. गाडा मागून धडधडत येत होता.

बंदरावर भरती चांगली भरली होती. धाकू तांडेल धक्क्यावर येरझारा घालत होता. “उशीर केलास, उदय. पाणी उतरायला लागेल आता. गाळात बसली होडी तर मुहूर्त बोंबलला माझा. घाल, लवकर घाल.”

उदयनं जीप वळवून गाडा उताराच्या तोंडाशी आणला. बाबा जीपमध्येच बसून होते. त्यांनी आधी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी खाडीकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, “उदय, हात लावलास?”

उदयनं उतरून चाकाच्या मधोमध हबवर हात टेकवल्यासारखा केला. “गार आहे.”

“तनुजा?”

तनुजानं उकिडवं बसून दोन्ही चाकांवर नीट तळवा ठेवला. “गारच आहे, बाबा.”

“घाल मग,” बाबा म्हणाले, पण जरा थांबून.

तनुजा नारळ घेऊन चाकासमोर आली. आणि मी पुढं झाले. का झाले ते सांगते, लपवायचं कशाला? मला तिला चूक ठरवायचं होतं. तिनं ठेवला त्याच जागी मी हात ठेवला.

चटका बसला नाही, पण हात ठेवून राहवेना. नुकता कपात ओतलेला चहा तळव्यावर धरावा तसं. म्हणजे आत किती तापलं असेल!

एक क्षण माझ्या मनात आलं की गप्प बसावं. कोण विचारतंय आपल्याला? पिऊ दे पाणी चाकाला. पुढच्या वर्षी परत पांढरं ग्रीस निघेल, परत चाक जाम होईल, मग कळेल सगळ्यांना तिचं काम कसं होतं. किती सोपं होतं! नुसतं खाडीकडे बघत राहायचं होतं.

पण माझा हात त्या चाकावर होता, आणि त्या हाताला एकच काम माहीत होतं.

“गरम आहे,” मी म्हटलं. “घालू नका.”

“झालं!” उदयनं कपाळावर हात मारला. “ताई, कालपरवापासून तुझं काय चाललंय ते आम्हाला दिसतंय. पण आज धाकूकाकांचा खोळंबा नको करू. दोघांनी हात लावला. गार आहे म्हटलं ना?”

“मी खरंच नीट पाहिलं हो, वन्सं,” तनुजा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. नारळ तिच्या हातातच होता. “मी एवढं केलंय, ते बिघडवीन का मी?”

“अरे, चाक आहे की तापाचं पोर?” धाकू तांडेल ओरडला. “मिस्त्री, तुम्ही सांगा काय ते! पाणी चाललं!”

बाबा जीपमधून उतरले. कुणाचा आधार न घेता उतरले, दाराला धरत, हळूहळू. ते तनुजाकडे बघतील, उदयकडे बघतील, आणि मग मला म्हणतील, तू नको. मी तयारच होते. चाक गेलं खड्ड्यात. ते आज मलाच खोटी ठरवणार का, एवढंच मला कळायला हवं होतं.

ते माझ्यासमोर आले. “निमा, काय म्हणतंय?”

कितीतरी वर्षांनी विचारलं होतं. अगदी तसंच, त्याच आवाजात.

“चहा,” मी म्हटलं.

“दोन्ही?”

मी पलीकडच्या चाकावर हात ठेवून आले. “दोन्ही चहा.”

बाबांनी मान वळवली. “उदय, जीप बंद कर. थांबायचं.”

“बाबा, अहो भरती—”

“निमा चहा म्हणाली. कपाळ म्हणेपर्यंत गाडा पाण्यात जाणार नाय. धाकू, पाणी अजून तासभर उतरत नाय, मला शिकवू नको. बस तिथं, विडी ओढ.”

धाकू तांडेल बसला. त्याशिवाय पर्याय नव्हता, गाडा आमचा होता.

बाबा धक्क्याच्या कठड्यावर टेकले. मी उभीच राहिले. तनुजा आणि उदय समोर. मग बाबा बोलले, त्यांच्या मानानं खूपच बोलले.

“तापलेलं चाक गार पाण्यात घातलं की आतली हवा आकसते, नि चाक बाहेरचं पाणी ओढून घेतं. मग ग्रीसचं ताक होतं. म्हणून आधी हात लावायचा. चहासारखं लागलं तर थांबायचं. पेजेसारखं कोमट लागलं तरी थांबायचं. ताप नसलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागलं की घालायचं. उदयला सांगून सांगून थकलो. पण त्याला घाई. घाईच्या हाताला सगळं गारच लागतं. निमाचं लग्न झालं त्या वर्षापासून दर वर्षी हा गाडा पाणी पितोय.”

“तुम्ही स्वतः का नाही लावलात हात?” मी विचारलं. अबोला गेला तो गेलाच.

बाबांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं उलटे केले. मी ते जन्मापासून पाहत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पिवळट, चकचकीत, वाळल्या नारळाच्या करवंटीसारखे. रेषासुद्धा पुसट झालेल्या.

“ह्याला चहा कळतो काय? वेल्डिंग, रेझिन, घासणं. कातडं मेलं. पहिला गाडा मी असाच घालवला, गार गार म्हणत. मग तू एकदा चाकाला टेकलीस नि हात झटकलास. बाबा, तापलंय, म्हणालीस. मी हात लावून बघितला, मला काही लागेना. तेव्हा ठरवलं, हा हात जपायचा. पाना फिरवलास, ब्रश घासलास, की चार-पाच वर्षांत माझ्यासारखा झाला असता.”

“म्हणून तू नको?”

“पाना काय, कुणीपण धरतो.”

समोर तनुजा स्वतःचे तळवे बघत होती. मे संपल्यापासून घासून घासून त्यांना घट्टे पडले होते.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. “मग हे सांगायचं नव्हतं? जन्मभर मी काय समजून बसले!”

“तेव्हा विचारलंस कधी? तू रुसलीस नुसती,” बाबा म्हणाले. आणि मग खाडीकडे बघत म्हणाले, “नि सांगितलं असतं, तर तू चिपळूणला गेली असतीस काय?”

आम्ही दोघं चाक निवायची वाट बघत बसलो.

थोड्या वेळानं तनुजा माझ्याशेजारी येऊन टेकली. बाबा उठून उदयबरोबर लांब पाण्याच्या कडेला गेले होते.

“वन्सं, तुम्हाला माहितीय, सबंध पावसाळा मी काय ऐकलंय?” ती हळू आवाजात म्हणाली. “बोल्ट कापला, की निमा असती तर डबा आधीच आणून ठेवला असतान. ब्रश मारला, की निमाला न सांगता कळायचं. परवा चाक बसलं, एवढं छान फिरलं, मला वाटलं, आता तरी म्हणतील काहीतरी. तर म्हणाले, निमाला दाखव. तुम्ही पडदा ओढून घेतलात.”

“मग हसत होतीस काय गाड्याखाली?”

“हसू नको तर काय करू? तुमच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात हो ते. तुम्ही ग्रीस डोक्याला लावलं होतंत ती. मला हसू येतं नि मग रात्री उदयजवळ रडू येतं. यंदा तुम्ही यायच्या आधीपासूनच मला तुमचा हेवा वाटायला लागला होता.”

मी तिच्याकडे बघितलं. चांगली हेवा करण्यासारखी बाई होते म्हणजे मी! मला हसू फुटलं. तीही हसली. बाबांनी वळून आमच्याकडे संशयानं पाहिलं.

मी उठून चाकावर हात ठेवला. “पेज,” मी हाक दिली. धाकू तांडेलनं दुसरी विडी पेटवली. आणखी थोड्या वेळानं परत ठेवला. माझ्याच कपाळाला दुसरा हात लावून पाहिला. “कपाळ!”

उदय जीपकडे धावला. आता नारळ. मी बाबांकडे बघितलं. इतकं सगळं झाल्यावर तो माझ्याकडे येईल, असं मला वाटलं होतं. का खोटं बोलू?

“हात निमाचा,” बाबा म्हणाले. “नारळ तनुजाचा. गाडा तिनं उभा केलाय.”

तिनं एका फटक्यात नारळ वाढवला. पाणी दोन्ही चाकांवर शिंपडलं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. गोड होता. तरी मनाला तो जरा लागलाच. गाडा मागं मागं सरकत पाण्यात गेला आणि धाकूची होडी कुठेही न अडकता सुटली.

याला खूप वर्षं झाली. पुढच्या पावसाळ्याआधी चाकं उघडली तेव्हा ग्रीस काळंभोर होतं, तनुजानं चिपळूणला फोन करून ओरडून सांगितलं. बाबा त्यानंतर फार नारळी पौर्णिमा राहिले नाहीत. अंगण आता तनुजा चालवते. होड्या तीच दुरुस्त करते, हाताखाली माणसं आहेत. गाडा तोच आहे. दर श्रावणात तिचा फोन येतो, “वन्सं, हात घेऊन या.” मी जाते. हात चांगला ठेवलाय मी. भांड्याला बाई आहे, रात्री खोबरेल लावते. आमच्या घरचे हसतात, या वयात कसला नखरा म्हणून. हसू देत.

गेल्या पौर्णिमेला धक्क्यावर मी “कपाळ” म्हटलं आणि उठताना माझा पाय घसरला. तनुजानं मला धरलं. माझा हात तिच्या हातात होता, आणि मी तो सोडेना. पिवळट, चकचकीत, करवंटीसारखा तळवा. रेषा पुसट झालेल्या. मी डोळे मिटले असते तर तो हात कुणाचा आहे, हे सांगू शकले नसते.

“काय झालं, वन्सं? लागलं का?” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं.

माझा हात बाबांनी जपून माझ्याकडेच ठेवला. स्वतःचा मात्र तिला देऊन गेले. सगळं कळूनसुद्धा मला तिचा अजून हेवा वाटतो.